फ्लोरिडाची स्कूल स्कॉलरशिप: प्रायव्हेट शाळेत घालताय की घरी शिकवताय, अर्जाआधी हे ठरवा

फ्लोरिडात राहणाऱ्या आपल्या मंडळींचा दरवर्षी एकच प्रश्न असतो, सरकार प्रायव्हेट शाळेला पैसे देतं म्हणे, पण आमचं दोघांचं उत्पन्न चांगलं आहे मग आम्हाला थोडंच मिळणार? तर मिळू शकतं. मार्च २०२३ मध्ये गव्हर्नर डिसँटिस यांनी हाऊस बिल १ वर सही केली आणि १ जुलै २०२३ पासून उत्पन्नाची अट गेली, राज्यात राहणारं केजी ते बारावीचं कुठलंही मूल अर्ज करू शकतं. उत्पन्न आता बघतात ते फक्त रांग लावायला, म्हणजे फेडरल दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंतची घरं आधी, मग ४०० टक्क्यांपर्यंतची, मग बाकी सगळे. रक्कम काउंटी आणि इयत्तेप्रमाणे बदलते, साधारण वर्षाला ८,००० डॉलरच्या आसपास धरा. पैसे थेट तुमच्या बँकेत येत नाहीत, मुलाच्या नावाने स्कॉलरशिपचं खातं उघडतं आणि त्यातून खर्च होतो, आणि तेही एकरकमी नाही, वर्षातून चार हप्त्यांत.

आता खरी गोष्ट. लोक आधी ८,००० चा आकडा बघतात आणि अर्ज भरायला बसतात, पण कुठली स्कॉलरशिप घेता त्यावर तुमचं मूल कायद्याने कोण, प्रायव्हेट शाळेचं की घरी शिकणारं, हे ठरतं, आणि ते आधी नीट ठरवलं नाही तर पुढे वर्षभर निस्तरत बसावं लागतं. म्हणून आधी घरात बसून हे बोला, मग लॉगिन करा.

प्रायव्हेट शाळाच हवी असेल तर सोपं आहे. त्यासाठी फॅमिली एम्पॉवरमेंट स्कॉलरशिपचा एज्युकेशनल ऑप्शन्स प्रकार किंवा फ्लोरिडा टॅक्स क्रेडिट स्कॉलरशिप, पालकांच्या बाजूने दोन्ही जवळपास सारख्याच. शाळा या योजनेत सहभागी आहे ना ते राज्याच्या शिक्षण खात्याच्या यादीत स्वतः तपासा, शाळेच्या ऑफिसात कोणी हो म्हणालं एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडच्या आरटीईच्या २५ टक्क्यांची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्या, तिथे लॉटरीत नाव लागलं की शाळाच मिळते, इथे फक्त पैसे मंजूर होतात, ॲडमिशन द्यायची की नाही ते शाळाच ठरवते. आणि फी १४,००० असेल तर वरचे सहा हजार तुमचे. शिवाय तिसरी ते दहावीच्या मुलांना दरवर्षी एक मान्य परीक्षा द्यावीच लागते, राष्ट्रीय पातळीची नॉर्म-रेफरन्स्ड टेस्ट (म्हणजे देशभरातल्या मुलांशी तुलना करून गुण देणारी) नाहीतर राज्याची, ती बहुतेक शाळाच घेते. शाळेने फीची मागणी टाकली की पालकाने ती स्कॉलरशिप संस्थेच्या पोर्टलवर ॲप्रूव्ह करायची असते, त्या इमेल्स स्पॅममध्ये जातात तेवढं बघत राहा.

घरी शिकवणाऱ्यांचं मात्र सगळ्यात जास्त गोंधळाचं. त्यांच्यासाठी जी योजना आहे तिचं नाव पर्सनलाइज्ड एज्युकेशन प्रोग्राम, सगळे पीईपी म्हणतात. बोलताना आपण म्हणतो की हे होमस्कूलिंगचे पैसे, पण कायद्यात पीईपीचं मूल 'होम एज्युकेशन'चं मूल नसतं! होम एज्युकेशन म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (तिथल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) प्रमुखाला, सुपरिंटेंडंटला, सुरू केल्यापासून ३० दिवसांत पत्र द्यायचं, कामाचा पोर्टफोलिओ ठेवायचा आणि दरवर्षी मूल्यमापन डिस्ट्रिक्टला द्यायचं, आणि त्यात राज्याचे पैसे नाहीत. पीईपीमध्ये डिस्ट्रिक्टला काही द्यायचं नाही, पण त्याऐवजी स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेला दरवर्षी मुलाचा लर्निंग प्लॅन द्यायचा, शपथेवर अटी मान्य करायच्या आणि वर्षातून एक मान्य परीक्षा देऊन तिचा निकाल पाठवायचा. दोन्हीकडे एकाच वेळी नाव चालत नाही. म्हणजे आधीपासून होम एज्युकेशनमध्ये असाल तर पीईपी मिळाल्यावर डिस्ट्रिक्टला ते बंद केल्याचं पत्र द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. पब्लिक शाळेत असेल तर तिथून रीतसर नाव काढा, नुसतं पाठवणं बंद करून चालत नाही, कारण राज्य याद्या ताडून बघतं आणि मूल दोन ठिकाणी दिसलं की पैसे अडकतात. पब्लिक किंवा प्रायव्हेट कुठल्याही शाळेत पूर्ण वेळ नाव असेल तर पीईपी नाही.

मला विचाराल तर ज्यांना परीक्षा अजिबात नको आणि स्वतःच्या पद्धतीने, कुणाला पैशाचा हिशोब न देता शिकवायचंय त्यांनी पैसे सोडून साधं होम एज्युकेशनच घ्यावं, त्यात मनाची शांती जास्त आहे. पण ज्यांना चांगला गणिताचा ट्यूटर, पुस्तकं, ऑनलाइन कोर्स हे सगळं परवडत नाही म्हणून घरी शिकवायची हिंमत होत नाहीये, त्यांच्यासाठी पीईपी खरंच मोठा आधार आहे, आणि त्यांनी तो बिनधास्त घ्यावा. लर्निंग प्लॅनला घाबरू नका, वर्षभरात कुठले विषय, कशातून आणि कोणाकडून शिकणार हे साध्या भाषेत लिहायचं. जागा मात्र मर्यादित आहेत, पहिल्या वर्षी २०२३-२४ ला २०,००० होत्या आणि त्यानंतर दरवर्षी आणखी ४०,००० जागा वाढवायची सोय कायद्यात केली, म्हणून उशीर करू नका.

मुलाला ऑटिझम किंवा दुसरी काही अडचण असेल तर वरचं दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी फॅमिली एम्पॉवरमेंट स्कॉलरशिपचाच युनिक ॲबिलिटीज प्रकार बघा, त्यात रक्कम सहसा जास्त असते, थेरपीला वापरता येते आणि मूल तीन वर्षांचं झालं की अर्ज करता येतो. आयईपी (पब्लिक शाळेने अशा मुलासाठी बनवलेली खास शिक्षणाची योजना) किंवा लायसन्स असलेल्या डॉक्टर अथवा सायकॉलॉजिस्टचं निदान लागतं. या प्रकारात घरी शिकवणारे डिस्ट्रिक्टकडे होम एज्युकेशनमध्येच नाव ठेवतात, म्हणजे पीईपीच्या बरोबर उलटं. पण सही करण्यापूर्वी एक गोष्ट शांतपणे वाचा: पब्लिक शाळेत फेडरल कायद्याने मुलाला ज्या सेवा हक्काने मिळतात तो हक्क पब्लिक शाळा सोडल्यावर तसाच राहत नाही, आणि प्रायव्हेट शाळेवर आयईपी पाळायचं तसं बंधन नसतं. पब्लिक शाळेत स्पीच थेरपी चांगली चालली असेल तर घाई करू नका, आधी बाहेर तेवढ्या थेरपीला किती लागतील त्याचा हिशोब काढा.

अर्ज कुठे करायचा तर स्टेप अप फॉर स्टुडंट्स किंवा एएए स्कॉलरशिप फाउंडेशन, यातल्या एकीकडेच. पुढच्या शाळेच्या वर्षाचे अर्ज साधारण फेब्रुवारीत सुरू होतात, तेव्हाच भरून टाका. फ्लोरिडात राहत असल्याचा पुरावा आणि मुलाचा जन्मदाखला तयार ठेवा. मूल महाराष्ट्रात जन्मलेलं असेल तर दाखला आजच काढून बघा, काही जुन्या दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, काही फक्त मराठीत असतात, आणि आपल्या पद्धतीने मधलं नाव वडिलांचं असतं पण पासपोर्टवर ते कधी गिव्हन नेममध्ये जातं तर कधी गाळलेलं असतं. अर्जात, पासपोर्टवर, शाळेत सगळीकडे नाव एकसारखं करा, भाषांतर लागणार असेल तर सर्टिफाइड करून घ्या.

खर्चाबद्दल थोडं. काय चालतं त्याची गाइड दरवर्षी बदलते, तेव्हा मैत्रिणीला गेल्या वर्षी मंजूर झालं यावर विसंबून काही घेऊ नका, महागडी वस्तू असेल तर आधी परवानगी मागा. शक्यतो पोर्टलवरूनच खरेदी करा, स्वतःचे पैसे घालून नंतर मागायचे तर प्रत्येक वस्तूचं वेगळं नाव असलेली पावती लागते आणि परतावा यायला वेळ लागू शकतो, तेवढी हातात शिल्लक ठेवा. ट्यूटरकडे फ्लोरिडाचं टीचिंग सर्टिफिकेट, त्या विषयाची डिग्री किंवा विषयावर प्रभुत्व असल्याचा पुरावा हवा. तुम्ही स्वतः आपल्याच मुलाला शिकवलं तर त्याचे पैसे लावता येत नाहीत. आणि कोणी क्लासवाला म्हणाला की बिल जास्तीचं लावू, वरचे तुम्हाला परत देतो, तर तिथून उठून या, असा परतावा कायद्याने बंद आहे आणि त्यात मुलाची स्कॉलरशिप जाऊ शकते.

पीईपीवाल्यांनी परीक्षेची तारीख हिवाळ्यातच बुक करा, निकाल हातात यायला दिवस लागतात आणि रिन्यूअलची मुदत ३० एप्रिल असते.