पणजोबांच्या पेटीतला करारनामा वाचताना या चुका टाळा

जुन्या पेटीतून १९०० ते १९३० च्या सुमाराचा करारनामा निघाला की आपण आधी साल बघतो, आणि पहिली चूक तिथेच होते. ‘सन १३२०’ लिहिलंय म्हणून कागद सातशे वर्षांपूर्वीचा ठरत नाही. तो बहुधा फसली सन, म्हणजे महसुलासाठी वापरलं जाणारं पीकवर्ष, आहे. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवले की १९१०-११ येतं. शक असेल तर ७८ मिळवा. माघ-फाल्गुनातली तिथी मात्र पुढच्या इंग्रजी वर्षात जाते, तिथे ७९. गुजराती पेढीच्या कागदावर विक्रम संवत असतो आणि तो कार्तिकात बदलतो. स्टॅम्पावरच्या राजाच्या चित्रावरून नेमकं साल काढू नका. पंचम जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला, म्हणजे त्याचं चित्र असलेला कागद त्याआधीचा नाही, एवढंच सिद्ध होतं.

‘१२-८-०’ ही तारीख नव्हे. बारा रुपये, आठ आणे, शून्य पै; म्हणजे साडेबारा रुपये. व्यापारी करारातली खंडीही (वजनाचं जुनं माप) आधी तपासा. मुंबईच्या कापूसबाजारात ती ७८४ पौंडांची होती, धान्याची खंडी वेगळी आणि मुलखागणिक बदलणारी.

खाली नांगराचं चित्र दिसलं तर ती लिहून देणाऱ्या शेतकऱ्याची निशाणी असते. शेजारचं वळणदार नाव पुष्कळदा दस्त लिहिणाऱ्याचं असतं. ‘बकलम’ म्हणजे ‘याच्या लेखणीने’. त्यालाच पूर्वज मानून वंशावळ पुढे नेलेली मी पाहिली आहे.

मजुरीच्या करारात याहून मोठी चूक होते. ‘उचल घेतली, फिटेपर्यंत चाकरी करीन’ असा मजकूर आपण साध्या कर्जाच्या चिठ्ठीसारखा वाचतो. पण १८५९ चा तेरावा कायदा त्यामागे उभा असू शकतो. आगाऊ पैसे घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने सबळ कारणाशिवाय काम सोडलं, तर मालक थेट मॅजिस्ट्रेटकडे जाई. पैसे परत हवेत की काम पुरं करून हवं, हे मूळ कायद्यानुसार मालक ठरवी. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने मजुरी थकवली तर त्याच्यासाठी या कायद्यात तुरुंग नव्हता. हा एकतर्फीपणा विसरून त्या कागदांतलं ‘राजीखुशीने लिहून देतो’ खरं मानू नका. ते शब्द दस्त लिहिणाऱ्याच्या ठरलेल्या साच्यातले असतात. हा कायदा रद्द करण्याचं १९२५ मध्ये ठरलं आणि ते १ एप्रिल १९२६ पासून अंमलात आलं, म्हणून साल अचूक काढण्याला इतकं महत्त्व. गावही बघा. कोल्हापूर संस्थान, निजामाचा मराठवाडा, पोर्तुगीज गोवा इथे ब्रिटिश मुलखाचा कायदा आपोआप लागू नव्हता.

गिरणीत असलेल्या पणजोबांचा लेखी करार शोधण्यात मात्र महिने घालवू नका. भरती जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या गिरणीतल्या मुकादमाच्या, तोंडी शब्दावर होई आणि बहुतेकांच्या हाती करार म्हणून काही नसे. अटी कळत त्या पगार कापला गेल्यावर. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापणारा दुहेरी खाडा त्यातलाच. दंडावर मर्यादा आली ती १९३६ च्या वेतन कायद्याने: पगाराच्या रुपयामागे अर्धा आणा. त्यामुळे गिरणीचं तिकीट, हजेरीची नोंद, सावकाराचं खातं, गावी पाठवलेल्या मनिऑर्डरची पावती, यांतूनच त्यांची नोकरी जुळवावी लागते.

भागीदारीच्या किंवा गहाणाच्या कागदात लिहून देणारा अज्ञान, म्हणजे साधारणपणे अठराच्या आतला, असेल तर १९०३ चा मोहोरीबिबी खटल्याचा निकाल ध्यानात ठेवा. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, असा करार मुळातच निरर्थक ठरवला होता.

आणि कागदाची पाठ वाचल्याशिवाय तो परत घडी करून ठेवू नका. भरण्याच्या नोंदी पुष्कळदा मागेच केलेल्या असतात, तारखेसह, दोन-दोन रुपयांच्या. उचल कधी फिटली, की फिटलीच नाही, ते तिथे कळतं.