स्टॉकहोममध्ये नोकरीला आलात? बाहेर खाताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईहून इथं कामासाठी आलेल्यांकडून पहिल्या दोन महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाहेरचं खाणं महाग आहे आणि त्याला चव नाही." रात्री आठ वाजता हे बऱ्याच अंशी खरं असतं. दुपारी साडेअकराला मात्र याच शहरात, याच स्वयंपाकघरांतून फार चांगलं जेवण मिळतं. म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुपारी डबा खायचा आणि रात्री हॉटेलात जायचं. हे उलट करा.

इथल्या दुपारच्या जेवणाला 'दागेन्स लुन्श' म्हणतात, म्हणजे आजचं जेवण. साधारण १३० ते १६० क्रोनरमध्ये एक मुख्य पदार्थ, हवी तेवढी कोशिंबीर, ब्रेड-लोणी, पाणी आणि शेवटी कॉफी. रात्री त्याच ठिकाणी तसाच पदार्थ नुसता घेतला, तरी बिल बरंच चढतं. हे जेवण सोमवार ते शुक्रवारच मिळतं, त्यामुळे शनिवारी त्याच पाटीच्या शोधात फिरू नका.

दुसरी चूक वेळेची. आपल्याला दीड-दोनला जेवायची सवय. मी पहिल्या आठवड्यात शिस्तामध्ये (लिहितात किस्टा, म्हणतात शिस्ता, आपली आयटीवाली मंडळी बहुतेक इथंच) पावणेदोनला एका ठिकाणी गेलो. बटाट्याच्या ट्रेमध्ये कडेला सुकलेल्या चार फोडी उरल्या होत्या, गाजराच्या किसात चमचा आडवा पडला होता आणि मागे खुर्च्या टेबलांवर चढवायला सुरुवात झाली होती. लोक अकरापासून येतात, साडेबाराला ताजं संपत आलेलं असतं. टीमच्या कॅलेंडरमध्ये साडेअकराची वेळ जेवणासाठी राखून ठेवा. डिसेंबरात तर याचा आणखी एक फायदा आहे. तेव्हा सूर्य तीनच्या आत मावळतो, त्यामुळे जेवायला बाहेर पडाल तेवढंच ऊन अंगावर येतं.

आता शाकाहाऱ्यांसाठी, आणि इथं जरा थांबून वाचा. गुरुवारी अनेक ठिकाणी पिवळ्या वाटाण्याचं दाट सूप आणि मागून जॅम घातलेले पॅनकेक असतात. ही इथली फार जुनी रीत. माझा रूममेट नाशिकचा, घरात अंडंसुद्धा न येणारा. सूपचा रंग बघून त्याला वरणाची आठवण झाली, वाडगा भरून घेतला आणि तिसऱ्या चमच्याला तळातून गुलाबी चौकोनी तुकडा वर आला. डुकराचं मांस. त्या सूपमध्ये ते असतं हे इथं लहान मुलालाही माहीत असतं, म्हणून पाटीवर कुणी लिहिलं नव्हतं. तो त्या दिवशी काहीच जेवला नाही, आणि शेजारी बसून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी एक वाक्य पाठ करायला लावतो: "एर दे फ्लेस्क ई?" म्हणजे यात डुकराचं मांस आहे का? सूप पुष्कळदा बिनमांसाचंही केलेलं असतं, पण ते मागावं लागतं.

असाच धोका 'नॉत' या शब्दाचा. एनच्या पुढे दोन टिंबांचा ओ आणि मग टी. याचा अर्थ अक्रोड-बदामासारखा सुकामेवा असाही होतो आणि गाय-बैल असाही. फोनवरच्या भाषांतरात 'नट' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. जेवणाच्या पाटीवर 'नॉतफार्श' किंवा 'नॉतशॉट' असेल तर ते गोमांस. आणि मीटबॉलमध्ये बहुतेक वेळा गोमांस आणि डुकराचं मांस दोन्ही असतं.

खिशात रोकड घेऊन फिरू नका, बरीच ठिकाणं ती घेतच नाहीत. स्विश हे इथलं फोनवरून पैसे देण्याचं अॅप स्वीडिश बँक खात्याशिवाय चालत नाही, तोवर कार्ड पुरे. जेवल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. टिपची सक्ती नाही.

भारतीय रेस्टॉरंटं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची ग्रेव्ही गोडसर आणि मलईदार. रोज तिथं जाऊन घरची चव शोधण्यापेक्षा इथलं जे चांगलं आहे ते खा. कोकणातल्या माणसानं स्लुसेनजवळच्या गाडीवरचं तळलेलं स्ट्रम्मिंग सोडूच नये. तारलीच्या जातकुळीतला छोटा मासा, काटा काढून पिठात घोळवून तळलेला, सोबत कांदा आणि ब्रेड. शिस्ताहून मेट्रोच्या निळ्या लाइननं टी-सेंट्रालेन स्टेशनला उतरून थोडं चाललात की ह्यॉतोर्येत चौक येतो. नोबेल पारितोषिकं दिली जातात ते कॉन्सर्ट हाऊस तिथंच आहे. चौकाखालच्या बाजारात 'कायसास फिस्क'चं माशाचं सूप, वर लसणाचं मेयोनेझ. शाकाहारी असाल तर सॉदरमाल्मच्या कड्यावरचं 'हेर्मान्स': पूर्ण बुफे, मांसमासे नाहीतच, आणि खाली पाणी नि बोटी.

जुलैत ऑफिसजवळची निम्मी ठिकाणं सुट्टीवर जातात. बंद दारावरची 'सेमेस्टर' ही चिठ्ठी म्हणजे कॉलेजचं सत्र नव्हे, सुट्टी. तेव्हा यूरगार्डन बेटावर रूसेन्दालच्या बागेत जा. सफरचंदाच्या झाडांखाली बसता येतं. कॉफीबरोबर सगळे दालचिनीचा बन घेतात. तुम्ही वेलचीचा मागा. इथं वेलची पूड करून नाही, भरड कुटून घालतात. दाताखाली दाणा येतो आणि श्रीखंडाच्या वाटीचा वास येतो.