ॲक्शनपटावर लिहिताय? हाणामारी ‘पुढे ढकलून’ पाहू नका : या चुका टाळा

ॲक्शनपटांवरचे लेख तपासायला घेतले की एक गोष्ट हमखास दिसते. कथानक असतं, नायकाचा भूतकाळ असतो, ‘स्त्रीचं चित्रण’ असा एक परिच्छेद असतो, ‘खलनायक परकाच का’ असा दुसरा असतो. नसते ती फक्त ॲक्शन. पाऊण तासाची मारधाड म्हणजे जणू दोन संवादांमधली जाहिरात! लिहिणाऱ्याने ती पाहिलेली असते, पण वाचलेली नसते. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. या सिनेमातली माणसं स्वतःबद्दल जे सांगायचं ते धावताना, पडताना, नेम धरताना सांगतात. कोण कोणाच्या तोडीचं, हेही तिथेच ठरतं.

संकेत आणि साचा यांत गल्लत

घड्याळाचे आकडे शून्याकडे सरकणं, एकट्याने अख्ख्या टोळीला भिडणं, वेगवेगळी कसबं असलेली माणसं एकेक करून गोळा करणं, शेवटचा सामना खलनायकाच्या अड्ड्यावर होणं हे सगळे संकेत, म्हणजे या प्रकारात ठरून गेलेल्या गोष्टी. प्रेक्षक तिकीट काढतो तो हे पाहायलाच. ‘पुन्हा तोच शेवटच्या सेकंदाला निकामी होणारा बॉम्ब’ अशी तक्रार करणं म्हणजे अभंगाच्या शेवटी पुन्हा ‘तुका म्हणे’ आलं म्हणून नाक मुरडणं.

साचा ही वेगळी गोष्ट. संकेताने आखलेल्या जागांवर दर वेळी त्याच प्रकारची माणसं बसवली जातात, तेव्हा साचा तयार होतो. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ 1954चा. लुटारूंनी गांजलेलं गाव भाड्याने लढवय्ये आणतं, एवढाच सांगाडा. लढवय्ये आणि शेतकरी दोघेही जपानीच, त्यामुळे तिथला ताण वर्गाचा आहे. जिंकले ते शेतकरी, आपण नाही, असं सामुराईंचा म्होरक्या शेवटी म्हणतो. 1960 साली हॉलिवूडने तोच सांगाडा ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये उचलला. आता गाव मेक्सिकन आणि राखणदार बहुतांशी सीमेपलीकडून आलेले अमेरिकन बंदूकबाज. संकेत तोच राहिला, पण ‘वाचवणारा’ आणि ‘वाचवला जाणारा’ यांच्या मध्ये राष्ट्राची रेघ आली. 1975च्या ‘शोले’त सांगाडा पुन्हा वळला : माणसं आणतो तो गाव नव्हे, तर स्वतःचा हिशेब चुकता करायचा असलेला ठाकूर.

तिन्ही सिनेमांना ‘तोच तो फॉर्म्युला’ म्हणून मोकळं होता येतं. तसं केलं की लिहिण्यासारखं जे होतं तेच हातातून निसटतं.

डोकी मोजून निकाल देणं

सिनेमात दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का? ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985च्या एका चित्रपट्टीतला (कॉमिक स्ट्रिप) हा गमतीत मांडलेला नियम पुढे ‘बेक्डेल चाचणी’ म्हणून जगभर गेला. गंमत अशी की त्या पट्टीतलं पात्र म्हणतं, या नियमात बसलेला मी पाहिलेला शेवटचा सिनेमा ‘एलियन’. त्यातल्या दोन बायका राक्षसाबद्दल बोलतात! एका पिढीच्या एकूण सिनेमाचं चित्र काढायला ही चाचणी कामाची आहे. एका सिनेमाचा निकाल तिच्यावरून लावायला गेलात, तर फसाल. त्यातही ॲक्शनपटाच्या बाबतीत जास्तच, कारण ती मोजते संवाद आणि हा प्रकार जगतो कृतीवर.

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (2015) मधला रात्रीचा प्रसंग घ्या. चिखलात गाडी अडकलीय, अंधारातून शत्रूच्या दिव्याचा झोत जवळ येतोय. मॅक्स रायफल घेतो, नेम चुकतो. गोळ्या संपत आल्या आहेत. शेवटची उरते तेव्हा तो काही न बोलता रायफल मागे फ्युरिओसाच्या, म्हणजे सिनेमाच्या नायिकेच्या, हाती देतो, आणि ती त्याच्याच खांद्यावर नळी टेकवून तो दिवा फोडते. ‘तू माझ्यापेक्षा चांगली नेमबाज आहेस’ असं वाक्य कुणी उच्चारत नाही. संवाद मोजणाऱ्याच्या वहीत या प्रसंगापुढे जवळजवळ काहीच येणार नाही.

त्यानंतरची खोड तर याहून भारी. मॅक्स एकटा धुक्यात निघून जातो, लांबवर स्फोट दिसतो, आणि तो रक्ताने माखून, शत्रूची शस्त्रं खांद्यावर टाकून परत येतो. तिथे काय झालं ते आपल्याला दिसतच नाही. दुसऱ्या कुठल्याही सिनेमाने नायकाचा हा पराक्रम दहा मिनिटं दाखवला असता; इथे कॅमेरा गाडीतल्या बायकांपाशी थांबून राहतो. प्रतिनिधित्वावरचा माझा मुद्दा मी या एका न दाखवलेल्या मारामारीवर उभा केला असता.

मग मोजायचं काय? मी वहीत चार गोष्टी टिपतो. निर्णय कोणी घेतला. कृती कोणी केली. इजा कोणाला झाली. आणि त्या क्षणी कॅमेरा कोणाजवळ होता. एका प्रसंगाला पानभर टिपण होतं, वेळ खातं, पण लेखातला निम्मा वाद तिथेच मिटतो. ही सवय मला उशिरा लागली. एकदा केवळ आठवणीवर विसंबून ‘शेवटी नायिकाच नायकाला वाचवते’ असं ठोकून दिलं होतं. सिनेमा पुन्हा पाहिला, तर गोळी तिने झाडली होती खरी, पण कुठे उभं राहायचं आणि कधी झाडायची, दोन्ही नायकाने सांगून ठेवलेलं. लेख छापून झाला होता.

‘सशक्त’ या शब्दावर वेळ मारून नेणं

लेखात ‘सशक्त स्त्री व्यक्तिरेखा’ तीनदा आलं असेल, तर ते शब्द खोडा आणि त्या जागी क्रियापद लिहून पाहा : ती काय करते? बऱ्याचदा उत्तर मिळतं की पहिल्या अर्ध्या तासात ती तिघांना लोळवते आणि पुढे तिचं कामच दुसऱ्याच्या हाती जातं. ‘बाहुबली’च्या पहिल्या भागात (2015) अवंतिका लढवय्यी म्हणून येते, कैदेतल्या देवसेनेला सोडवण्याची मोहीम तिच्याकडे असते. ती मोहीम नायक शिवुडू स्वतःकडे घेतो. त्याआधी दोघांच्या झटापटीतच तो तिला ‘सजवतो’, त्या दृश्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तलवार हातात असणं आणि कथा हातात असणं यातलं अंतर पाहायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही. तिची तलवारबाजी उत्तम आहे म्हणून तक्रार चुकीची ठरत नाही, आणि तक्रार खरी आहे म्हणून तलवारबाजी खोटी ठरत नाही. दोन्ही लिहा.

‘पहिल्यांदाच’

हा शब्द लिहिण्याआधी हात आवरा. ‘ॲक्शनमध्ये बाई पहिल्यांदाच केंद्रस्थानी’ असं दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी लिहितं. पर्ल व्हाइटचा ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ हा मालिकापट, म्हणजे भागाभागांनी दाखवला जाणारा सिनेमा, 1914चा. चाबूक घेऊन स्वतःचे स्टंट स्वतः करणाऱ्या नादियाचा ‘हंटरवाली’ 1935चा. हाँगकाँगचा ‘कम ड्रिंक विथ मी’, ज्यात चेंग पेई-पेई एकटी खाणावळभर गुंडांना पुरून उरते, 1966चा. खरा प्रश्न ‘पहिली कोण’ हा नाहीच. इतक्या वेळा आलेली ही बाई दर वेळी ‘अपवाद’ म्हणूनच का आठवली जाते, तो आहे. शिवाय ‘हंटरवाली’ नुसती अभिमानाने मिरवायची गोष्ट नाही. भारतीय राजकन्येच्या भूमिकेत ऑस्ट्रेलियात जन्मलेली गोरी नटी का चालली, यावर स्वतंत्र लेख होईल.

‘त्या काळी चालायचं’ आणि त्याचं उलट टोक

साहसपटांवर लिहिताना ही चूक दोन बाजूंनी होते. 1984चा ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’ घ्या. काळ 1935, जागा भारतातलं एक काल्पनिक संस्थान. मेजवानीत माकडाचा मेंदू, तळघरात नरबळी, गावकरी असहाय, आणि शेवटी मदतीला ब्रिटिश कप्तानाची तुकडी.

एक गट म्हणतो, हा जुन्या मालिकापटांना केलेला सलाम आहे, आजच्या चष्म्यातून पाहू नका. पण आक्षेप आजचा नाहीच. भारत सरकारने पटकथेवर तेव्हाच हरकत घेतली, इथे चित्रीकरण झालं नाही आणि निर्मात्यांना श्रीलंकेत जावं लागलं. ‘त्या काळी’ हा शब्द वापरताना त्या काळी कोणाला चालायचं, हे विचारायला हवं. सलाम हे कारण असू शकतं, माफी नव्हे. मालिकापटांतून वेगही उचलता येतो आणि विषही.

दुसरा गट ‘अपमानकारक’ एवढं लिहून थांबतो. थांबू नका. ती मेजवानी कथेत काय काम करते ते सांगा. साहसपटाला एक अशी जागा लागते जिथे नायकाच्या घरचे नियम लागू नाहीत, हा संकेत. ती जागा ‘परकी’ ठरवायला ताटातल्या किळसवाण्या पदार्थांचा आधार घेणं हा साचा. तिथल्या लोकांना स्वतःचं संकट सोडवण्याची एकही संधी न देणं हा त्याच साच्याचा मोठा भाग, आणि तो माकडाच्या मेंदूपेक्षा घातक, कारण तो हसू आणत नाही, गपचूप पटतो. ‘प्रे’ या सिनेमाने (2022) जंगल, शिकार, अनोळखी राक्षस हे सगळं ठेवलं आणि नियम माहीत असण्याची जागा कोमांची या मूळ अमेरिकन जमातीतल्या तरुणीला दिली. तिथे परका आहे तो राक्षस आणि बंदुका घेऊन आलेले फ्रेंच.

कोण मेलं यावरून घाईने शिक्का

1999 साली कॉमिक्सच्या लेखिका गेल सिमोन यांनी कॉमिक्समधल्या अशा बायकांची यादी केली ज्यांचा मृत्यू किंवा छळ बऱ्याचदा नायकाला पेटवण्यापुरता येतो. तेव्हापासून प्रत्येक मृत्यूवर ‘नायकाला पेटवण्यासाठी मारलं’ हा शिक्का बसतो. मरण हाही या प्रकाराचा संकेतच; कुणीतरी मरणार आहे. पाहायचं ते एवढंच : मरण्याआधी त्या व्यक्तीने एक तरी निर्णय स्वतः घेतला होता का, आणि मेल्यानंतर सिनेमाला तिची आठवण येते की फक्त नायकाच्या रागाची?

कॅमेरा आणि कात्री यांना ‘तांत्रिक बाजू’त टाकणं

शेवटच्या परिच्छेदात ‘संकलन वेगवान, पार्श्वसंगीत दमदार’ असं उरकणं मला सर्वांत खटकतं. मारामारीत कोणाचं अख्खं शरीर चौकटीत दिसतं आणि कोणाचे फक्त तुकडे, यावरून सिनेमा कोणाच्या कौशल्यावर विश्वास ठेवतो ते कळतं. ‘फ्युरी रोड’मधले शॉट अतिशय छोटे आहेत, तरी डोळा हरवत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मधोमध ठेवलेली आहे. त्या संकलनासाठी मार्गारेट सिक्सेल यांना ऑस्कर मिळालं. उलट, नायकाची लढत लांबून सलग आणि नायिकेची जवळून, दर अर्ध्या सेकंदाला कापलेली असेल, तर तीही नोंद आहे.

तुकडे करण्यामागे कधी कधी साधं कारण असतं : चेहरा लपवायचा असतो, कारण उडी दुसऱ्याने मारलेली असते. नटीच्या जागी विग घातलेला पुरुष, किंवा सावळ्या नटाच्या जागी रंग फासलेला गोरा स्टंटमन, ही हॉलिवूडची जुनी रीत. पडद्यावर वैविध्य आणि उडी मारताना मात्र तोच तो माणूस! स्टंटच्या आखणीला ऑस्कर देण्याचं अकादमीने 2025 साली जाहीर केलं, आणि तो पहिल्यांदा मिळेल 2027च्या चित्रपटांना. श्रेयनामावली संपेपर्यंत बसून राहण्याचा कंटाळा करू नका, लेखाला लागणारी नावं तिथेच असतात.

लेख तरीही अडला तर

एकच प्रसंग निवडा, शक्यतो शेवटचा सोडून. शेवटच्या सामन्यात सगळेच सिनेमे शहाण्यासारखे वागतात. तो आवाज बंद करून पाहा. संगीत गेलं की कोण खरंच काही करतंय आणि कोण फक्त वळून बघतंय, ते लख्ख दिसतं. मग चित्र झाकून नुसता ऐका : ओरडणं कोणाच्या वाट्याला, सूचना कोणाच्या, विनोद कोणाचा. एवढ्यावर दोन पानं होतात. कथानकाचा सारांश नंतर लिहा, आणि तो तीन ओळींपेक्षा लांबला तर अर्धा कापा.