क्रॉस कंट्रीचा मोसम येतोय: काय काय तयार ठेवायचं

इंग्लंडमध्ये ज्यांनी यंदा पहिल्यांदाच एखाद्या रनिंग क्लबात नाव घातलंय आणि ज्यांना कॅप्टनने "क्रॉस कंट्रीला येणार ना?" असं विचारलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. क्रॉस कंट्री म्हणजे गवत, चिखल आणि चढांवरून पळायची शर्यत. ऑक्टोबरात लीगच्या, म्हणजे क्लबाक्लबांतल्या मालिकेच्या, शर्यती सुरू होतात आणि मार्चपर्यंत शनिवार त्यातच जातात. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा: १५ मिलिमीटरचे स्पाइक, म्हणजे बुटाच्या तळाला फिरवून बसवायचे खिळे, आणि ते बसवायचा पाना. गेल्या मोसमात माझा पाना घरी राहिला. बुटांना ट्रॅकवरचे ६ मिलिमीटरचे स्पाइक तसेच होते आणि जानेवारीच्या चिखलात प्रत्येक वळणावर बायका मला मागे टाकून जात होत्या. नुकसान माझ्या एकटीचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. इथे क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्या संघाची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकतो. नॅशनलला, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय अजिंक्यपद शर्यतीला, पुरुषांचे पहिले सहा आणि बायकांच्या पहिल्या चौघी धरतात, लीगमध्ये आकडा वेगळा असतो. तुम्ही त्यांत असाल आणि वीस जागा मागे गेलात की क्लबच्या बेरजेत वीसची भर पडते.

कागदपत्रं आधी उरका. क्लबची वर्गणी भरली म्हणजे सगळं झालं असं समजू नका. काउंटी, विभागीय आणि नॅशनल अजिंक्यपद शर्यतींसाठी इंग्लंड ॲथलेटिक्स या राष्ट्रीय संघटनेची नोंदणी लागते. तिचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे मधेच क्लबात आलेल्यांची ती राहून जाते. दोन क्लबांत असाल तर 'फर्स्ट क्लेम' कुठला, म्हणजे शर्यतीत तुम्ही आधी कुठल्या क्लबचे, हे सेक्रेटरीला आत्ताच विचारा. क्लबचा व्हेस्ट, म्हणजे शर्यतीत घालायचा बिनबाह्यांचा बनियन, सप्टेंबरातच मागवा. दुसरा कुठलाही टी-शर्ट चालत नाही.

सराव ऑगस्टपासून, आणि गवतावर. रस्त्यावरचा वेग इथे उपयोगी पडत नाही. पाच मिनिटांत किलोमीटर पळणारा माणूस ओल्या चढावर किती मिनिटं घेईल हे घड्याळ सांगू शकत नाही, म्हणून इंटरव्हल वेळ मोजून करा, अंतर मोजून नको: तीन-चार मिनिटं जोरात, मग हळू, पुन्हा जोरात. चढ संपला की थांबायचं नाही, माथ्यावरून पुढे तीस-चाळीस पावलं तसंच रेटायचं. शर्यतीत जागा तिथे मिळतात, कारण बाकीचे माथ्यावर दम घ्यायला सैलावतात. घोट्यांसाठी रोज दात घासताना एका पायावर उभं राहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की संध्याकाळी मैदानावर काही दिसत नाही. मग चढाचा सराव दिव्याखालच्या रस्त्यावर करा आणि गवत शनिवार-रविवारवर ठेवा.

आता बूट. गवतावर पळायचे क्रॉस कंट्रीचे स्पाइकवाले बूट घ्या, ट्रॅकचे नकोत. ट्रॅकच्या बुटांचा तळ कडक असतो आणि टाचेखाली काहीच नसतं. नव्या बुटांबरोबर बहुधा आखूड स्पाइक येतात, ऑक्टोबरच्या कोरड्या जमिनीवर ते पुरतातही, आणि फसवणूक तिथेच होते. पहिल्या शर्यतीत काही अडत नाही, म्हणून माणूस लांब स्पाइक आणायचे विसरतो. ९, १२ आणि १५ मिलिमीटरचे संच घेऊन ठेवा. मोठी किंमत नसते. स्पाइक बसवण्याआधी आट्यांना थोडं व्हॅसलिन लावा, नाहीतर चिखल आणि गंज मिळून ते असे पक्के बसतात की पाना फिरतच नाही आणि स्पाइकचे कोपरे झिजून जातात. शर्यत झाली की बूट धुताना प्रत्येक स्पाइक अर्धा फेरा सैल करून पुन्हा घट्ट करा. कंटाळवाणं आहे, तरी करा. आणि पाना दोन घ्या: एक बुटांच्या पिशवीत कायमचा, दुसरा घरी. पिशवीतला पाना कुणाला उसना दिलात तर तो परत येईपर्यंत त्याच्यासमोर उभे राहा.

आदल्या रात्रीची पिशवी. सेफ्टी पिना चार. कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या दोन, एक बुटांना आणि एक कपड्यांना. जुना टॉवेल, पूर्ण कोरड्या कपड्यांचा जोड अंतर्वस्त्रांसकट, लोकरीची टोपी, हातमोजे, थर्मासात चहा. कपडे बदलायला खोली मिळेलच असं नाही, क्लबच्या तंबूत उभ्याने बदलावे लागतात, म्हणून सैल कपडे घ्या. दिवाळी अनेकदा मोसमाच्या ऐन सुरुवातीलाच येते, तेव्हा फराळाचा डबा नक्की न्या. शर्यतीनंतर सगळे केक वाटत असतात, त्यात चकल्या किती लवकर संपतात ते पाहून मला फार आनंद होतो. पाना पिशवीत आहे का, हात घालून बघा. "असेल" म्हणू नका.

शनिवारी सकाळी पार्करनला, म्हणजे पाच किलोमीटरच्या मोफत सामूहिक धावेला, जाऊ नका. दुपारी शर्यत असताना सकाळी पाच किलोमीटर पळणारे लोक मी दरवर्षी पाहते आणि मला त्यांचा राग येतो. शर्यत सुटण्याच्या तीन तास आधी जेवा, साधं, पोह्यांसारखं काहीतरी.

मैदानावर तासभर आधी पोहोचा आणि मार्ग, निदान एक फेरी, चालून बघा. १८७६ साली लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात झालेल्या पहिल्या नॅशनलमध्ये सगळेच वाट चुकले आणि शर्यत रद्द ठरवावी लागली. आता पट्ट्या आणि वाट दाखवणारे मार्शल असतात, पण चालायचं ते जमिनीसाठी: पाणी कुठे साचलंय, उतारावर वळण कुठे आहे, डांबरी वाट कुठे ओलांडायची आहे. हे पाहून मग स्पाइकची लांबी ठरवायची आणि तिथल्या तिथे बदलायचे. म्हणूनच पाना मैदानावर हवा. सगळीकडे घट्ट जमीन असेल तर १५ मिलिमीटरचे स्पाइक तळव्याला टोचतात, तेव्हा ९ चे लावा. शंका असेल तर लांब. नाड्या दुहेरी गाठीने बांधा आणि टोकं आत खोचा, चिखल पायातला बूट ओढून घेतो.

सुरुवात जोरात करावी लागते, मॅरेथॉनसारखी धीराने चालत नाही. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पार्लमेंट हिल या टेकडीला शर्यत असेल तर रुंद ओळीतून थेट चढावर सुटतात आणि पुढे वाट आवळते. तिथे मागे अडकलात की पुढच्या माणसाच्या वेगानेच जावं लागतं. घड्याळाकडे बघू नका, पुढचा ओळखीचा व्हेस्ट बघा. संपल्यावर फनेलमध्ये, म्हणजे शेवटच्या रेषेपुढच्या चिंचोळ्या वाटेत, क्रम सोडू नका, कुणालाही पुढे जाऊ देऊ नका, क्रमांकाचं कार्ड दिलं तर ते ओल्या हातांनी फाडू नका. मग लगेच कोरडे कपडे. गप्पा नंतर.

जानेवारीच्या सुरुवातीला काउंटी, महिनाअखेरीस विभागीय, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात नॅशनल. सगळ्यांच्या प्रवेशिका बऱ्याच आधी बंद होतात, त्यामुळे कॅप्टनला होकार ख्रिसमसच्या आधी द्या. या महिन्यांत जमीन सगळ्यात वाईट असते: १५ मिलिमीटर. सराव कमी करा, झोप जास्त. खोकला असेल तर शर्यत सोडा.

मार्चमध्ये सगळे स्पाइक काढा, भोकं दाताच्या काडीने साफ करून व्हॅसलिन भरा, बुटांत वर्तमानपत्र कोंबून ठेवून द्या. पाना त्याच पिशवीत.