चाळिशीनंतर फॅनडममध्ये शिरताना

आवडत्या मालिकेतलं एखादं पात्र डोक्यातून जात नाही आणि घरात त्याबद्दल बोलायला कुणी नाही, अशा पन्नाशीतल्या बाईला ऑनलाइन फॅनडममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या जगात, जागा आहे का? आहे, आणि ती तिच्यासारख्याच बायकांनी करून ठेवलेली आहे. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांचा पहिला अंक 'स्पॉकेनेलिया' १९६७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांनी काढला. असे अंक सायक्लोस्टाइल करून टपालाने घरोघर जात. पुढच्याच वर्षी मालिका बंद पडायला आली, तेव्हा बीजो ट्रिंबल यांनी नवऱ्यासोबत पत्रमोहीम चालवली आणि मालिकेला तिसरं पर्व मिळालं. आज चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन भांडारांपैकी एक असलेलं 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', म्हणजे एओथ्री, २००९ मध्ये खुलं झालं. ते उभारण्यात मोठा वाटा बायकांचाच होता. आजही ते स्वयंसेवक आणि देणग्यांवर चालतं, जाहिराती घेत नाही. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

प्रौढ बायका इथे का रमतात? आमच्या मते मोठं कारण हे, की इथे तुम्ही कुणाची आई, सून किंवा मॅडम नसता. तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं वाचलं जातं आणि त्याला उत्तर येतं. शिवाय छापील कथांमध्ये पन्नाशीतल्या नायिका कमी. इथे त्या लिहिता येतात. जात्यावर बसून सीतेचा वनवास स्वतःच्या शब्दांत गाणाऱ्या बायकांच्या ओव्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ओळखीच्या कथेला आपला धागा जोडणं परकं वाटायचं कारण नाही. आणि नोकरी-संसारात कमावलेली कौशल्यं, म्हणजे मजकूर तपासणं, वेळापत्रक पाळणं, भांडण मिटवणं, इथे रोज लागतात.

आधी नाव

खातं उघडण्याआधी टोपणनाव ठरवा आणि त्याच नावाचा वेगळा ईमेल काढा. नावात जन्मसाल, गाव, आडनाव नको. इन्स्टाग्रामवर किंवा खरेदीच्या खात्यावर वापरलेलं नावही नको, कारण ते गूगलवर टाकलं की सगळी खाती एका ओळीत दिसतात. फेसबुकच्या खात्यातून लॉगिन करू नका. डिस्कॉर्ड (गटात गप्पा मारायचं ॲप) किंवा टंबलर (ब्लॉगचं ॲप) फोनमधले संपर्क जोडायची परवानगी मागेल, ती नाकारा. इथेच बहुतेकींची ओळख फुटते: भाचीला 'तुमच्या ओळखीची व्यक्ती' म्हणून मावशीचं खातं दिसतं. चेहऱ्याच्या फोटोऐवजी फूल, चित्र, काहीही चालतं. फक्त तो फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर नसावा.

एओथ्रीवर वाचायला खातं लागत नाही. पण काही कथा फक्त सदस्यांनाच दिसतात, म्हणून खातं काढलेलं बरं. ते निमंत्रणावर मिळतं: ईमेल नोंदवा आणि रांगेत थांबा. कधी काही दिवस लागतात, कधी आठवडे. निमंत्रण बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतं, तिथेही पाहा.

कथेचा माथा वाचायला शिका

नव्या वाचकाचा हिरमोड बहुधा इथे होतो, म्हणून थोडं सविस्तर. प्रत्येक कथेवर लेखिकेने माहिती भरलेली असते. पहिली नोंद रेटिंगची: सर्वांसाठी, किशोर व त्यापुढे, मॅच्युअर, एक्सप्लिसिट. शेवटच्या दोन्हींत प्रौढ मजकूर असतो, एक्सप्लिसिटमध्ये उघड वर्णन. 'रेटिंग नाही' असं असेल तर आत काहीही असू शकतं.

दुसरी नोंद इशाऱ्याची. 'कोणताही इशारा लागू नाही' आणि 'लेखिकेने इशारा न देणं निवडलं आहे' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसऱ्या प्रकारात बलात्कार, मुख्य पात्राचा मृत्यू, हिंसा, काहीही येऊ शकतं. झोपण्यापूर्वी वाचायला घेत असाल तर पहिला प्रकारच निवडा.

तिसरी नोंद नात्याची. दोन नावांमध्ये तिरपी रेघ असेल तर प्रेमसंबंध, आणि '&' हे चिन्ह असेल तर मैत्री किंवा घरचं नातं. हे न कळल्यामुळे बहिणीबहिणींची कथा शोधणारी बाई भलतंच वाचून बसते.

मग फिल्टर. पात्राच्या नावाच्या टॅगवर जा आणि फिल्टरमध्ये भाषा निवडा. फक्त पूर्ण झालेल्या कथांवर खूण करा, नाहीतर विसावं प्रकरण संपल्यावर कळतं की लेखिका तीन वर्षांपूर्वीच थांबली आहे. शब्दसंख्या सुरुवातीला २,००० ते १०,००० ठेवा. कुडोजप्रमाणे, म्हणजे वाचकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांप्रमाणे, क्रम लावला की नावाजलेल्या कथा वर येतात, पण त्यात जुन्यांचीच गर्दी असते. म्हणून दुसऱ्या खेपेला तारखेप्रमाणे लावा. नको असलेले टॅग 'एक्सक्लूड'च्या रकान्यात टाका. हा रकाना वापरणाऱ्या बायका टिकतात, न वापरणाऱ्या आठवड्याभरात 'काय हा घाणेरडेपणा' म्हणून निघून जातात.

प्रतिक्रिया

कुडोज एका कथेला एकदाच देता येतं, म्हणून शब्दांना इथे खरी किंमत आहे. तीन ओळी पुरतात: कुठलं वाक्य आवडलं, तिथे काय वाटलं, पात्राबद्दल काय नव्याने दिसलं. दहा वर्षं जुन्या कथेवरही लिहा, लेखिकेला आनंदच होतो. न मागता चुका दाखवू नका. शिक्षिका किंवा संपादक राहिलेल्यांचा हात इथे नकळत लाल पेनाकडे जातो. 'पुढचा भाग कधी?' एवढंच लिहिणं तगादा वाटतं. बुकमार्कखालची टीप सगळ्यांना दिसते. स्वतःपुरती ठेवायची तर 'प्रायव्हेट'वर खूण करा.

स्वतः लिहायचं झालं तर १,००० ते १,५०० शब्दांचा एकच प्रसंग घ्या. आधी कुणाकडून तरी तपासून घ्या. अशा तपासनिसाला इथे 'बीटा' म्हणतात. मराठीत लिहिलंत तरी चालतं, पण मजकूर युनिकोडमध्ये हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर चिकटवला की अक्षरांचा खिचडा होतो. एओथ्रीवरचा मसुदा महिनाभराने आपोआप पुसला जातो, म्हणून मूळ प्रत आपल्या संगणकावर ठेवा. कथेखाली पैसे मागणारा दुवा देऊ नका, तो नियमभंग ठरतो.

गप्पांचे गट

डिस्कॉर्डवर आधी नियमांचा चॅनल पूर्ण वाचा, दोन-तीन दिवस नुसतं पाहा, मग ओळख करून देण्याच्या चॅनलवर दोन ओळी लिहा. १८ वर्षांवरील सदस्यांचेच गट निवडा. काही ठिकाणी तिशी-चाळिशीपुढच्यांचे वेगळे गटही सापडतात. मिश्र गटात अल्पवयीन मुलं असतील तर प्रौढ विषय काढू नका आणि त्यांच्याशी खाजगी संदेशात बोलू नका. वीस वर्षांच्या मुलींना सल्ले देत सुटू नका. त्या तुमच्याशी कथेवर बोलायला आल्या आहेत. अमेरिकेतल्यांसोबत मालिका पाहायची असेल तर गणित लक्षात ठेवा: न्यूयॉर्कमध्ये शनिवारी रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. रोज जागरण सुरू झालं की पहिल्यांदा तब्येत आणि मग घरातला सूर बिघडतो, त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस ठरवून घ्या.

फसवणुकीचे दोन ठरलेले प्रकार आहेत. एक, कथेखाली भरभरून कौतुक येतं, कथेचं नेमकं काहीच नसतं, आणि शेवटी 'मी यावर चित्रं काढून देते, डिस्कॉर्डवर भेटा'. ती प्रतिक्रिया स्पॅम म्हणून नोंदवा. दुसरा अधिक घातक: खुद्द अभिनेता किंवा गायक असल्याचं सांगून कुणीतरी खाजगी संदेश पाठवतो, टेलिग्रामवर बोलावतो, काही आठवडे गोड बोलतो, मग भेटीचं शुल्क, अडकलेलं पार्सल, गिफ्ट कार्ड. मोठ्या वयाच्या, हाती पैसा असलेल्या बायका अशा भामट्यांचं लक्ष्य असतात. कुठलाही कलाकार असा पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर लाजेपोटी थांबू नका: भारतात ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पुढे कधी बाहेर पडावंसं वाटलं, तर एओथ्रीवर कथा पुसून टाकण्याऐवजी 'ऑर्फन' करता येते: कथा आणि तिच्याखालचे अभिप्राय राहतात, तुमचं नाव निघून जातं. मात्र ते परत जोडता येत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी कथा ईपब किंवा पीडीएफमध्ये उतरवून घ्या.