दापोडीचे दिवस आणि आमचे कमांडंट साहेब

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमच्या घराचे माळवद, म्हणजे मातीचे छप्पर, खचले, भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली, पण घरातली माणसे वाचली. त्यानंतरच्या आठवड्यात अण्णांबरोबर मामाच्या गावी गेलो असता दगडमातीच्या ढिगाऱ्यांवर तोंडाला रुमाल बांधून टिकाव-फावड्याने काम करणारे जवान मी पहिल्यांदा पाहिले. सैनिक म्हणजे बंदूक, एवढेच माहीत असलेल्या मला सैन्यात फावडेही असते हे त्या दिवशी कळले. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थापत्य अभियांत्रिकी शिकून मी सैन्याच्या अभियंता दलात गेलो आणि पुण्यालगतच्या दापोडी येथील कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये दाखल झालो. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींसाठी हे लिहीत आहे, परंतु आमच्या कमांडंट साहेबांना वगळून ते लिहिता येणार नाही, कारण त्या संस्थेत कसे वागावे हे मी नियमांच्या पुस्तिकेपेक्षा त्यांच्याकडे पाहून अधिक शिकलो. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही. स्वतःचे नाव छापलेले पाहून त्यांना अवघडल्यासारखे होत असे.

आधी मार्गांविषयी थोडक्यात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन किमान 60 टक्के गुण असतील आणि जेईई मेन दिलेली असेल, तर टेक्निकल एंट्री स्कीममधून अर्ज करता येतो. अभियांत्रिकीची पदवी झालेल्या किंवा शेवटच्या वर्षात असलेल्या अविवाहित मुलांसाठी टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स आहे. मी त्याच वाटेने गेलो. खडकवासल्याच्या एनडीएतून येणारी मुले असतात ती वेगळी. दहावीनंतरच एनडीएची तयारी करायची असेल तर राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था 1977 पासून आपल्याच संभाजीनगरात आहे, आणि तरीही आपल्याकडच्या कितीतरी पालकांना तिचा पत्ता नसतो, याचे मला फार वाईट वाटते. कोणत्याही वाटेने गेलात तरी पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत चुकत नाही. वय, प्रशिक्षणाची रचना आणि अटी मधूनमधून बदलत असल्याने ताजी अधिकृत जाहिरात स्वतः वाचावी, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

ही संस्था 1943 मध्ये रुरकी येथे सुरू झाली आणि 1948 मध्ये दापोडीला आली. तिचा प्रमुख म्हणजे कमांडंट हा लेफ्टनंट जनरल दर्जाचा अधिकारी असतो. नवख्या लेफ्टनंटच्या आणि त्याच्या मध्ये इतक्या पायऱ्या असतात की एरवी त्याने आपल्याकडे पाहिलेच नाही तरी तक्रार करता येत नाही. आमचे साहेब मात्र प्रत्येक नव्या तुकडीशी पहिल्याच आठवड्यात बोलत, आणि परिचयात पदवीचे गुण न विचारता, गावाकडे घर कशाने बांधतात आणि विहीर किती खोल जाते, एवढेच विचारत. माझ्या आधीच्या दोघांनी सिमेंट-काँक्रीट असे नेटके उत्तर दिले. माझी पाळी आली तेव्हा मला आमच्या दगडमातीच्या घराची लाज वाटत होती, म्हणून मी विहिरीचे सांगितले. आमच्या रानात वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि शेवटी काळा पाषाण, असे थर लागतात. अण्णांची विहीर त्या वेळी 52 फुटांवर पाषाणात अडकली होती आणि सुरुंगाशिवाय पुढे सरकत नव्हती.

‘सुरुंग कसे लावतात?’ साहेबांनी विचारले. ट्रॅक्टरवरच्या यंत्राने भोके पाडतात, तोटे भरतात, वाती पेटवून यारीने माणसे वर काढतात, हे मी सांगितले. शेवटी, सांगावे की न सांगावे अशा मनःस्थितीत, हेही सांगितले की आमचा सुरुंगवाला काठावर पालथा पडून बार मोजतो. नऊ भोके भरली असतील आणि आठच बार ऐकू आले, तर तो त्या दिवशी कोणालाही विहिरीत उतरू देत नाही, मग मालकाने रोजगार बुडाल्याचा कितीही कांगावा केला तरी. खोलीत कोणीतरी हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला पुढे बोलावले, फळ्यावर विहिरीचा छेद काढायला लावला आणि स्फोटकांच्या प्रशिक्षकांना म्हणाले, ‘न फुटलेल्या सुरुंगाचा पाठ यांच्या विहिरीपासून सुरू करा.’ त्या दिवशी संध्याकाळी भोजनगृहात मला लातूर नेमके कुठे आहे हे चार जणांनी येऊन विचारले.

म्हणून नव्याने जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे आहे की गावाकडचे जे ठाऊक आहे ते ट्रंकेत तळाशी दडपून नेऊ नका. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपल्याला शेतातून माहीत असते. प्रयोगशाळेत तेच मापाने दिसते. भट्टीत वाळवलेली, बारीक चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात आणि दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून 24 तास ठेवायची. रॉकेलमधली माती जशीच्या तशी राहते, पाण्यातली वर चढते, आणि दोन्हींच्या उंचीतला फरक म्हणजे फुगवटा. दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या बांधावरची माती साखरेच्या पिशवीत घालून नेली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही नळकांडी शेजारी ठेवून पाहिली तेव्हा आमच्या शाळेच्या भिंतीला दरवर्षी नवी चीर का जाते हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. किल्लारीकडच्या घरांविषयीही असेच झाले. दोन-दोन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नसलेल्या भिंती आणि त्यांच्यावर माळवदाच्या मातीचे ओझे, एवढे आकृतीत मांडल्यावर मी लहानपणी पाहिलेले ढिगारे मला पहिल्यांदा कारणासह दिसले.

पोहण्याचे एक सांगून टाकतो. आमच्या दुष्काळी भागातल्या पुष्कळ मुलांना पोहता येत नाही, मलाही येत नव्हते, आणि ज्या दलाचे निम्मे काम नदीनाल्यांवर चालते तेथे ही उणीव पहिल्याच महिन्यात उघडी पडते. जाण्यापूर्वी शिकून घ्या.

साहेबांचा राग मी एकदाच पाहिला, आणि तो माझ्यावरच होता. रात्रीच्या सरावात बेली पूल, म्हणजे सुटे भाग जोडून उभा करायचा पूल, जोडण्याचे काम माझ्या हाताखाली होते. या पुलाचे प्रत्येक पोलादी पॅनल 10 फूट लांब आणि सुमारे 260 किलो वजनाचे असते. सहा जवान ते उचलून आणतात आणि दोन पॅनल पिनांनी जोडतात. पिन आत गेल्यावर तिच्या टोकाच्या छिद्रात एक लहानशी सुरक्षा-क्लिप अडकवायची असते. हे छिद्र अंधारात दिसत नाही, म्हणून पिनेच्या डोक्यावर छिद्राच्या दिशेनेच एक खाच कोरलेली असते. खाचेवरून बोट फिरवले की छिद्र कुठे वळले आहे ते कळते. मी पिना मोजल्या, क्लिपा मोजल्या नाहीत, आणि वेळेच्या आत पूल तयार असल्याचे कळवून टाकले. साहेब जीपमधून उतरले. विजेरी न लावता ते एका बाजूने चालू लागले आणि प्रत्येक जोडाशी वाकून, खाचेवरून बोट फिरवत, क्लिप चाचपत गेले. बरोबरचे सगळे गप्प होते. शेवटून दुसऱ्या जोडाशी ते थांबले आणि तेथून त्यांनी मला हाक मारली. माझा हात धरून त्यांनी माझे बोट त्या रिकाम्या छिद्रावर ठेवले. ‘तुमच्या सुरुंगवाल्याने आठच बार मोजले असते, तर माणसे खाली सोडली असती का?’ एवढे विचारून ते निघून गेले. लेखी शिक्षा झाली नाही. पूल मात्र पुन्हा तपासला, आणि त्या रात्री आम्हाला झोपायला पहाटेचे तीन वाजले.

त्यांच्या बोलण्यात सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांचा उल्लेख वारंवार येई. कारवारकडचे राणे अभियंता दलातल्या बॉम्बे सॅपर्सचे, एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे भूसुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे, परमवीरचक्र मिळालेले. आम्ही शौर्याची गोष्ट ऐकायला सरसावून बसायचो. साहेब मात्र रणगाड्याखाली सरपटत जाणारे राणे दोरीच्या इशाऱ्याने वरच्या चालकाला दिशा देत होते, तेथे थांबत आणि तो चालक कसा विचार करत असेल, त्याला काय दिसत असेल, हे आम्हाला लिहून आणायला सांगत. मी लिहिलेले तीनदा परत आले.

नवख्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे तुम्हाला दोरीची गाठ शिकवणारा हवालदार हुद्द्याने तुमच्या खाली असतो, पण त्याची गाठ सुटत नाही आणि तुमची सुटते. साहेब स्वतः त्याला ‘उस्ताद’ म्हणून हाक मारत, आम्हीही मारू लागलो. इंग्रजी कच्चे आहे म्हणून घाबरू नका. पहिले दोन महिने जड जातात, पुढे सवय होते.

साहेबांचा निरोप आमचा कोर्स संपायच्या थोडा आधी झाला. सैन्यातल्या रिवाजाप्रमाणे त्यांची उघडी जीप दोर बांधून अधिकाऱ्यांनी ओढत न्यायची होती. दोरावर माझी जागा डावीकडे, चाकाजवळ होती. माझ्याजवळ येताच त्यांनी हात वर करून जीप थांबवली आणि त्यांना येत होते तेवढ्या मराठीत विचारले, ‘विहिरीला पाणी?’ ‘नाही सर, अजून पाषाणच आहे,’ मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, दोर पुन्हा ताणला गेला आणि जीप पुढे सरकली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागले. मी तेव्हा ईशान्येकडे होतो. अण्णांचा फोन आला त्याच रात्री साहेबांना पत्र लिहिले, त्यात गावात वाटलेल्या पेढ्यांपासून सुरुंगवाल्याला दिलेल्या धोतरजोडीपर्यंत सगळे लिहिले. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आले. अभिनंदनाखाली एकच ओळ होती : किती फुटांवर? ते लिहायचे मी विसरलो होतो. अण्णांना विचारले, त्यांनी दोर सोडून मोजून घेतले आणि 63 सांगितले, तेवढेच मी उलट टपाली कळवले.