गिऱ्हाइकाचा आयडी कसा तपासावा, आणि त्यातलं काय ठेवू नये : अमेरिकेतल्या मराठी दुकानदारांसाठी

आपल्याकडे लॉजवर खोली घ्यायची म्हटली की काउंटरवरचा माणूस आधार कार्ड मागतो, त्याची झेरॉक्स काढतो आणि ती एका फुगलेल्या फायलीत जाऊन पडते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. हीच सवय घेऊन कुणी अमेरिकेत दारूचं किंवा सिगारेटचं दुकान चालवायला घेतलं, तर पंचाईत होते. तिथे २१ वर्षांखालच्याला माल विकणं हा गुन्हा आहेच. पण वय तपासताना हाती आलेली माहिती ठेवून घेतली, तर अनेक राज्यांत त्याचीही शिक्षा आहे. बघायचं सगळं, ठेवायचं जवळजवळ काहीच नाही, असा हा मामला आहे.

१. आधी मालाची यादी करा. दारूसाठी वय २१. वय खाली ठेवणाऱ्या राज्यांच्या महामार्ग निधीला कात्री लावणारा कायदा १९८४ मध्ये झाला आणि एकेक करत सगळी राज्यं २१ वर आली. तंबाखू आणि वेपसाठीही (म्हणजे ई-सिगारेटसाठीही) डिसेंबर २०१९ पासून देशभर २१. शिवाय ३० सप्टेंबर २०२४ पासून तंबाखू घेणाऱ्या ३० वर्षांखालच्या प्रत्येकाचा फोटो असलेला आयडी बघणं सक्तीचं आहे. आधी हा आकडा २७ होता. चेहऱ्यावरून तिशी ओळखायची कशी? माझं मत विचाराल तर त्या भानगडीत पडूच नका, केस पिकलेले नसतील त्या सगळ्यांकडे मागा. युटाहमध्ये तर १ जानेवारी २०२६ पासून रेस्टॉरंट आणि बारमध्ये दारू मागणाऱ्या आजोबांनाही आयडी दाखवावा लागतो.

२. स्कॅनरच्या आधी डोळे वापरा. कार्ड पाकिटातून बाहेर काढायला सांगा, हातात घ्या. मुदत, फोटो, जन्मतारीख बघा. बहुतेक राज्यांत २१ च्या आतल्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स आडवं नसून उभं छापलेलं असतं, त्यामुळे ते लांबूनच कळतं.

आपल्या मुलांच्या बाबतीत एक खास घोळ होतो. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे लायसन्स नसतं, तो भारतीय पासपोर्ट पुढे करतो. न्यूयॉर्कमध्ये परदेशी पासपोर्ट चालतो. तुमच्या राज्याचा नियम बघून ठेवा. पण भारतीय पासपोर्टवर आधी दिवस, मग महिना. ०४/०९/२००५ म्हणजे ४ सप्टेंबर. काउंटरवरचा अमेरिकन पोरगा तेच ९ एप्रिल वाचतो आणि पाच महिने आधीच बिअर विकून मोकळा होतो. दंड मालकाला!

३. मग स्कॅन करा, पण हिरव्या दिव्यावर विसंबू नका. लायसन्सच्या मागे जो दाट ठिपक्यांचा बारकोड असतो, त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची असं बरंच काही भरलेलं असतं. साधा स्कॅनर ते नुसतं वाचतो, मोटार वाहन खात्याला काही विचारत नाही. बनावट कार्डाच्या बारकोडमध्येही २१ च्या पुढचं वय भरता येतं. म्हणून पडद्यावर आलेलं नाव आणि कार्डाच्या पुढच्या बाजूचं नाव जुळतं का, ते बघा. न्यूयॉर्क आणि टेक्साससारख्या राज्यांत स्कॅन केल्याचा फायदा असा, की फसवले गेलात तर कोर्टात तो बचाव म्हणून मांडता येतो.

४. काय साठवायचं, ते राज्य ठरवतं. खरी मेख इथे आहे.

न्यू जर्सीत ऑक्टोबर २०१७ पासूनचा कायदा सांगतो, की दुकानदाराने ठरावीक आठ कारणांसाठीच आयडी स्कॅन करावा. वय तपासणं त्यात बसतं; पण वय तपासण्यासाठी स्कॅन केलेलं काहीही ठेवता येत नाही. पहिल्या चुकीला २,५०० डॉलर, पुढच्या प्रत्येकीला ५,०००. कॅलिफोर्नियातही वय तपासायला स्कॅन चालतं, पण ती माहिती दुसऱ्या कामाला वापरली तर एक वर्षापर्यंत तुरुंग किंवा १०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे गिऱ्हाइकाला वाढदिवसाची सवलत पाठवायची तुमची कल्पना तिथेच संपली.

न्यूयॉर्कचा दारूचा कायदा जरा सैल. तिथे चार गोष्टी ठेवता येतात : नाव, जन्मतारीख, लायसन्स क्रमांक आणि मुदत. पत्ता नाही. टेक्सासमध्ये लायसन्सच्या माहितीचा संग्रह करणं हा गुन्हा आहे, आणि दारू विकताना वाचलेली माहिती जाहिरातीसाठी वापरायला बंदी.

दोन राज्यांत दुकानं असतील तर कडक राज्याचा नियम दोन्हीकडे लावा. नोकर इकडून तिकडे जातात, त्यांच्या डोक्यात दोन नियम राहत नाहीत.

५. यंत्र विकणाऱ्याला लेखी विचारा. काही स्कॅनर दुकानात बसवल्या दिवसापासून सगळं साठवायला लागतात आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. तीन प्रश्न पुरेत : माहिती कुठे जाते, किती दिवस राहते, साठवण बंद कशी करायची. तोंडी उत्तर घेऊ नका. नंतर स्वतः एक कार्ड स्कॅन करून यंत्राची नोंदवही उघडून बघा.

६. चेहरा ओळखणारं यंत्र घेताय? इलिनॉयमध्ये थांबा. २००८ च्या तिथल्या कायद्याप्रमाणे चेहऱ्याचं माप घेण्याआधी लेखी संमती लागते, आणि ती नसेल तर गिऱ्हाईक स्वतःच दावा लावू शकतं : निष्काळजीपणा असेल तर १,००० डॉलर, मुद्दाम केलं असेल तर ५,०००. बिअरच्या सहा बाटल्यांमागे नफा किती सुटतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.